अडुसष्ट किलोंचं पोतं

३ ऑगस्ट २०२५, रविवार

माझं वजन आज एकोणसाठ भरलं. मी सत्तावन्न सांगून ठेवलं होतं. लवूने वहीतलं सत्तावन्न खोडलं, एकोणसाठ लिहिलं आणि वही मिटली. सदतीस वर्षं परळच्या हॉस्पिटलात सिस्टर म्हणून लोकांना काट्यावर उभं केलं — आणि साठाव्या वर्षी माझीच चोरी घरात पकडली गेली!

(नवऱ्याला नावाने आणि अरे-तुरे मी फक्त इथे करते. तोंडाने अजून 'अहो'च.)

गाडीत जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं वजन त्याला हवंय. गादी, कुकर, चादरी, गॅसचं लहान सिलिंडर, मी. गाडी म्हणजे आमचं चाकांवरचं घर. मुळात कुठल्याशा कंपनीच्या कामगारांची ने-आण करणारी जुनी व्हॅन. लवूने दोन वर्षं खपून तिच्यातल्या सीटा काढल्या, पलंग बसवले, छोटा ओटा बसवला, पाण्याची टाकी लावली, आरटीओचे कागद करून घेतले. लालबागला आमच्या चाळीत ती उभी करायला जागा कुठली! कॉटन ग्रीनला, चाळीतल्याच राजेशच्या गोदामात असते. लोक नातवंडांचे फोटो दाखवत फिरतात, हा गाडीचे दाखवतो.

पंचवीस तारखेला निघायचं. गणपतीला, गावी. वहीतली शेवटची ओळ — 'अभय, ६८, राखीव.' त्या जागेत दुसरं काही भरायचं नाही, असं मला बजावून झालंय.

पोरगा येणार असं कुणीही म्हटलेलं नाही. अभयने तर नाहीच.

५ ऑगस्ट

पाटा-वरवंट्यावरून वाजलं. "पाटो नको गो. तेरा किलो आसा तो. मिक्सर घे." मी म्हटलं, गणपतीच्या वाटपाचं खोबरं मिक्सरमध्ये वाटायचं असेल तर तुम्ही एकटेच जा. पाटा येतोय.

६ ऑगस्ट, बुधवार

शीवला अभयकडे जाऊन आले. कोळंबीचं लोणचं नेलं होतं. पोरगं दारातच बरणी उघडून बोटाने चाखायला लागलं. चौतीस वर्षांचा घोडा.

गाडीचा विषय मी जेवण झाल्यावर काढला. पोट भरलं की माणूस मऊ होतो, असं आपलं मला वाटतं. म्हटलं, तुझ्यासाठीच केलीय रे ती. उजवीकडचा पलंग लांब आहे, पाय सरळ सोडून बसता येईल. एसटीत तुला दहा तास बसवत नाही, म्हणून सहा वर्षं तू गाव बघितलं नाहीस.

"आई, त्यांनी हात लावलेल्या गाडीत मी बसणार नाही. विषय संपला."

त्यांनी. बाबा म्हणत नाही.

ते सगळं इथे एकदा लिहूनच टाकते. २०१९, गणपतीच्या दोन दिवस आधी. लवू घर झाडायला आधीच गावी गेला होता. मी अभयबरोबर त्याच्या नव्या घेतलेल्या जुन्या गाडीतून जाणार होते, पण ऐनवेळी माझी रजा रद्द झाली आणि तो एकटाच निघाला. पोलादपूरच्या पुढे मागचा डावा टायर फुटला. गाडी उलटली. उजव्या गुडघ्याचा चुरा झाला. आता तो पाय दुमडतच नाही. टायर लवूने बसवून दिले होते. बसच्या डेपोत टायरखात्यात बत्तीस वर्षं घालवलेला माणूस. हॉस्पिटलात त्याने स्वतःच सांगितलं — "तो टायर जुना होता. खाचा दिसल्या, म्हणून मीच म्हटलं चालेल." अभयने ते ऐकून भिंतीकडे तोंड केलं, ते अजून तसंच आहे.

जगाचे टायर तपासले आणि पोराला जुना दिला. मीही तेव्हा वर्षभर लवूशी नीट बोलले नव्हते. इथे खोटं कशाला लिहू?

घरी आल्यावर लवूने एवढंच विचारलं, "पोराचा वजन किती झाला?"

"विचारायला विसरले."

"मगे अडुसष्टच धरतंय."

९ ऑगस्ट, शनिवार

गोदामात शिकवणी. म्हणाला, गाडीत बसायचं तर टायर वाचता आला पाहिजे. टायर वाचायचा! मी एक्स-रे वाचलेत, डॉक्टरांची अक्षरं वाचलीत. म्हटलं, बघू.

टायरच्या बाजूला एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. आमच्या गाडीवर आहे ०६२५. म्हणजे यंदाच्या फेब्रुवारीतला. मी बोटाने चाचपून बघितलं. आकडे उठलेले असतात, डोळे मिटूनही वाचता येतात. चारही चाकं वाचायला लावली. मग जादाचं पाचवं चाक. "त्येकापण वय असता. तो कोपऱ्यात बसान म्हातारो होता."

पुढे म्हणाला, चालत्या गाडीपेक्षा उभ्या गाडीचा टायर आधी मरतो. एकाच जागी भार, ऊन, धूळ. म्हणून हा दर पंधरा दिवसांनी येऊन गाडी चार हात पुढेमागे करतो आणि चाकांवर गोणपाट टाकतो. मला वाटायचं, घरात करमत नाही म्हणून येतो.

हवा नेहमी सकाळी बघायची, गाडी हलवायच्या आधी, टायर थंड असताना. किती भरायची ते दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं. टायरवर छापलेला मोठा आकडा ही शेवटची मर्यादा, तिथवर भरायचं नसतं. आणि वजन — जड ते खाली, दोन्ही बाजूंना सारखं. टपावर काही नाही. आरसी बुकात लिहिलंय ३१०० किलो. त्याच्याही शंभर मागे थांबायचं. "शेवटच्या किलोपर्यंत भरणारो माणूस आधी हिशेबान चांगलो असतलो, मगे नशिबान तरी." एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून लग्नानंतर दुसऱ्यांदा ऐकलं.

मग बघितलं तर उजवीकडच्या लांब पलंगावर एक पोतं. पट्ट्याने बांधलेलं. "हे काय?" मी विचारलं.

"वाळू. अडुसष्ट किलो. फेरी मारताना त्या जागेक वजन नको? त्याशिवाय हवा कशी ठरवतलंय?"

पोत्याखाली घडी घातलेली चादर घातली होती. वाळूला चादर! डोळे भरून आले, तर म्हटलं धूळ गेली.

१० ऑगस्ट

शेजारच्या मीराबाईला कळलं आम्ही गाडीने चाललोय. म्हणजे आता चाळीला कळलं.

१३ ऑगस्ट, बुधवार

व्हायचं तेच झालं. गावी कुणी निघालं की आमच्या चाळीत रिकाम्या हाताने पाठवायची पद्धत नाही. सासूबाईंच्या काळात बोटीने जाणाऱ्याबरोबर गाठोडी जायची, मग एसटीच्या टपावरून जायला लागली. तुझं नेलं, उद्या माझं ने. यावरच चाळ उभी आहे. नाही म्हणणारा माणूस गावी कसा तोंड दाखवेल?

मीराबाईची बहीण कणकवलीला, तिच्यासाठी घरगुती पिठाची गिरणी. "एवढंसंच तर आहे गं कांता, कोपऱ्यात बसेल." वरच्या मजल्यावरच्या वैदेहीच्या दिराचं घर बांधून होतंय, त्याच्या देवघराला फरशीचे दोन खोके. तळमजल्यावरून शिलाई मशीन, लोखंडी पायासकट. ओट्याचा कडाप्पा. एकीने तर कुंडीसकट तुळस आणली. मी प्रत्येकीला तोंडावर म्हटलं, "विचारून सांगते." आणि प्रत्येकीने ते 'हो' समजून सामान आमच्या दारात ठेवलं.

लवू घरी यायच्या आत सगळं मीराबाईच्या खोलीत सरकवलं.

भीड भिकेची बहीण म्हणतात. आमच्या चाळीत तिला खोलीगणिक एकेक बहीण आहे.

१५ ऑगस्ट

अकरा गाठोडी.

१७ ऑगस्ट, रविवार

केलं एकदाचं. लवू दादरला मखराचं सामान आणायला गेला. दादरला गेला की तीन तास नक्की. एकेका दुकानदाराशी गप्पा मारल्याशिवाय त्याला वस्तू पसंत पडत नाही. राजेशला फोन केला, हातगाडी आली, अकराही गाठोडी गोदामात. डावीकडच्या पलंगाखाली मोठी पेटी आहे, माझ्या कपड्यांसाठी ठेवलेली. फरशी खाली, कडाप्पा उभा, मशीन आडवं, गिरणी कोपऱ्यात. वर माझ्या साड्या पसरल्या. पेटीला कुलूप घातलं.

राजेश म्हणाला, "काकी, लवूकाका मला मारतील."

"मला मारतील, तुला नाही," मी म्हटलं. चाळीस वर्षांत त्याने माझ्यावर आवाजसुद्धा चढवलेला नाही, हे राजेशला काय माहीत!

ह्याच्या वहीत शंभर किलो शिल्लक आहेतच ना. चार गाठोड्यांनी काय गाडी मोडतेय! सगळेच नेतात.

१९ ऑगस्ट

पाऊस. घराबाहेर पाऊल नाही. अभयचा फोन — "आई, जाताना उभ्याने डाळ-भात करत बसू नकोस. वाटेत खा." म्हणजे काळजी आहे. माझी आहे. शेवटी विचारलं, "ते बरे आहेत ना?" एवढंच, पण विचारलं. मी फोन ठेवल्यावर लवूला शब्दन् शब्द सांगितला. तो उठून गच्चीत गवती चहाला पाणी घालायला गेला. पाऊस पडत असताना!

संध्याकाळी अभयचाच निरोप, फोनवर लिहून — 'वजन ७२ झालंय. जिना चढणं वाढवायला हवं.' हे मला का कळवलं? मी लवूला सांगितलं नाही. आशा लावून ठेवायला नको.

२१ ऑगस्ट, गुरुवार

घडलं तसं लिहिते.

आज गाडी वजनकाट्यावर नेली. कॉटन ग्रीनला ट्रकांसाठी आहे, तोच. सोबत कोंडीरामभाऊ. डेपोत लवूचा तीस वर्षांचा जोडीदार. दोघांनी मिळून एक पान लावायचं आणि एक चाक खोलायचं. परळहून सकाळीच आले. "जय भीम, वहिनी. आज परीक्षा काय?" "जय भीम. माझी झाली, आता गाडीची," मी म्हटलं. तेव्हा हसू येत होतं.

आम्ही दोघं आत, टाकीत पाणी, पलंगावर पोतं. सगळं निघतानासारखं. वहीप्रमाणे २९०८ यायला हवं होतं. आलं ३१३८.

लवूने काटेवाल्याला पुन्हा बघायला सांगितलं. ३१३८. मग फक्त डाव्या बाजूची चाकं काट्यावर घेतली. मग उजव्या. खाली उतरून मागच्या डाव्या चाकाशी बसला. मीही बघितलं. टायर खाली पसरला होता, बाजू फुगलेली, पातळ पोळीसारखी ताणलेली. महिन्यापूर्वी कळलं नसतं, पण आता मला वाचता येतं.

पेटीची किल्ली त्याने मागितली नाही. हात पुढे केला फक्त. मी दिली.

साड्या उचलल्या, आणि उघडंच पडलं सगळं.

कोंडीरामभाऊ पेटीत बघत राहिले. मग माझ्याकडे. "वहिनी," ते म्हणाले, "परत तेच?"

"कोंड्या!" लवू ओरडला. त्याला ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं.

भाऊ चपला बघत उभे राहिले. लवू लगेच मला समजावायला लागला, जरा जास्तच भरभर. जास्त वजनाने टायर आतून तापतो. लगेच काही होत नाही. तीन-चार तास गाडी बरी चालते. मग बाजूने फाटतो. खाचा शाबूत, तळ शाबूत, आणि बाजू फाटलेली. म्हणून वजन बघायचं. आता तू बघितलंस ना, झालं. रागावलो नाही गो.

अकराही गाठोडी गोदामात उतरवली. माझा पाटा ठेवला. "तेरा किलोंची सोय करतंय," म्हणाला.

परत म्हणजे काय?

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी लवू हवेचं मीटर आणायला गेला, तेव्हा गच्चीत गेले.

तो टायर आमच्या गच्चीत आहे. फुटलेला. अपघातानंतर लवू आणि कोंडीरामभाऊ पोलीस ठाण्यातून गाडी सोडवायला गेले होते, तेव्हा त्याने तो घरी आणला. माती भरली, हिरवा रंग दिला, गवती चहा लावला. मी तेव्हा म्हटलं होतं, कशाला हवी ती आठवण डोळ्यांसमोर? म्हणाला, "माझ्या डोळ्यांसमोर रवांदे." सहा वर्षं रोज सकाळी त्याच्यातली दोन पाती मी चहासाठी कापते.

फाटलेली बाजू कठड्याकडे करून ठेवली आहे. हात घालून बघितलं. बाजू फाटलेली, वीतभर. खाचांत बोट घातलं. खोल. नखाला रबराचे केसदेखील लागले, नव्या टायरला असतात तसे. मग ती लांबट चौकट शोधली. रंगाचे दोन हात आहेत, दिसत नाही काही. पण बोटांना लागलं. तरी नाण्याने रंग खरवडला. म्हटलं, डोळ्यांनी बघू.

१११९.

अकरावा आठवडा. एकोणीस साल. मार्च महिन्यातला टायर, आणि अपघात ऑगस्ट संपता संपता. साडेपाच महिने. तो टायर जुना नव्हता.

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. आणि मग आठवायला वेळ लागला नाही. लवू गावी होता. रजा रद्द झाली, मी जाणार नव्हते, म्हणजे माझी जागा रिकामी. चाळीने सामान आणलं आणि मी भरलं. तांदळाची दोन पोती, कुणाचा तरी शहाबादी दगड, लोखंडी कपाटाचे भाग. माझ्या हाताने लावलं, खिडक्यांपर्यंत. लवूने गावाहून फोन केला होता, "सामान बेताचा घाल हां." मी "हो हो" म्हटलं. आणि अभय — अभय गाडीच्या मागे उभा राहून म्हणाला होता, "आई, फार होतंय गं. गाडी खाली बसलीय." मी काय म्हणाले तेही आठवतं. "सगळेच नेतात."

रविवारी इथेच, मागच्या पानावर, तेच दोन शब्द मी लिहिलेत. जाऊन बघितले.

अपघातानंतर सामान रस्त्यावर विखुरलं होतं, लोकांनी नेलं. कुणी वजन केलं नाही. आणि लवूने टायर बघून आल्या आल्या सांगून टाकलं, टायर जुना होता. मग कुणी पुढे विचारलंच नाही. टायरखात्यातला माणूस म्हणतोय म्हटल्यावर कोण विचारणार?

डेपोत सगळ्यांना कळलं होतं. त्याच वर्षी तो रिटायर झाला. निरोपाच्या समारंभाला गेला नाही. पोट बिघडलंय म्हणाला. मी मनात म्हटलं होतं, बरोबर आहे, कुठल्या तोंडाने जाईल!

देवा.

२३ ऑगस्ट, शनिवार

बोलले त्याच्याशी. तो गाडीपाशी हवा बघत होता. मी म्हटलं, "तो टायर साडेपाच महिन्यांचा होता."

त्याने वॉल्व्हची टोपी आधी घट्ट लावली. मग विचारलं, "कोंड्यान सांगितल्यान?"

"नाही. तुम्हीच शिकवलंत वाचायला."

तो गाडीच्या पायरीवर बसला. मीही बसले. राजेशच्या गोदामातल्या कबुतरांकडे बघत होता. म्हणाला, तेव्हा अभय तीन महिने अंथरुणात होता. तुझ्या हातून खायचा, तुझ्या हातून धुऊन घ्यायचा, आणि पाय जाणार की राहणार याचा पत्ता नव्हता. त्याला तेव्हा सांगितलं असतं आईने भरलं, तर तो कुणाच्या हातून जेवला असता? आणि तू कशी जगली असतीस?

"पोराक आवस होयी होती, कांता. बापूस नसलो तरी चलता."

मी म्हटलं, नाही चालत. सहा वर्षं चाललं नाही, बघतेच आहे मी. पोत्याला चादर घालणारा माणूस मला सांगतो चालतं म्हणून! आणि मग मी रडले. त्याच्या खांद्यावर, गोदामात, हमाल बघत असताना. त्याच्या शर्टाला रबराचा वास येतो. चाळीस वर्षं मी तो वास जावा म्हणून शर्ट दोनदा धुतलेत.

म्हणाला, "आता अभयक सांगा नको. झाला ता झाला. तुझ्याकडे तरी येता तो."

मी काही कबूल केलं नाही. 'विचारून सांगते' असंही म्हटलं नाही.

मीराबाईकडे जाऊन सांगितलं, तुझी गिरणी येणार नाही, मालाच्या गाडीने पाठव. तिचं तोंड पडलं. पडू दे. वैदेहीलाही सांगितलं. अकराही जणींना. साठ वर्षांत पहिल्यांदा 'नाही' म्हटलं, तेही अकरा वेळा. जीभ रेटत नव्हती, पण म्हटलं.

२४ ऑगस्ट, रविवार

शीवला गेले. काही खायला नेलं नाही मुद्दाम. पोट भरलेलं असताना सांगायची गोष्ट नव्हती ही.

टायरचा फोटो दाखवला, खरवडलेले आकडे. वाचायचे कसे ते सांगितलं. मग म्हटलं, गाडी मी भरली होती. तू सांगितलंस फार होतंय, मी ऐकलं नाही. बाबांनी माझं नाव येऊ दिलं नाही.

अभय फोटोकडे बघत राहिला. आकडे बोटाने मोठे केले, लहान केले, परत मोठे केले. मी वाट बघितली. मला वाटत होतं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आई, तू आता जा," म्हणाला.

जिन्यापर्यंत नेहमी सोडायला येतो, दांडा धरून, सावकाश. आज आला नाही.

परत आल्यावर लवूला सांगितलं, मी सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला. मग उठून चहा केला, दोघांसाठी, गवती चहा घालून. मी कप तसाच ठेवला. तो म्हणाला, पी गो. पातीचो काय दोष त्यात?

२५ ऑगस्ट, सोमवार. गाडीत

उजाडताना गोदामाच्या दारात रिक्षा थांबली. अभय. हातात एक पिशवी. माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या शेजारून गेला, सरळ पाय लांब टाकून मागच्या डाव्या चाकाशी कसाबसा खाली बसला, चौकट शोधली, आकडे वाचले. मग म्हणाला —

"बाबा, टायर थंड असताना हवा बघितलीस ना?"

लवूने मान हलवली. मग उजव्या पलंगावरचं पोतं सोडवलं आणि दोघांनी मिळून खाली उतरवलं. पोतं अडुसष्टचं, पोरगा बहात्तरचा. चार किलो जास्त. मी माझा पाटा काढून दिला.

माझ्याशी अजून बोललेला नाही. पनवेल गेलं. लवू पुढून, तो पलंगावरून, दोघं टायरवर वाद घालतायत.